चुकीचा दात पाठवल्याचे कारण

*दंतरेषा केंद्र, पुणे. पुनर्नमुना प्रपत्र. पालकांनी स्वतः भरावे. प्रश्न क्रमाने सोडवावेत.*

प्रश्न ६. पहिला नमुना चुकीचा पाठवला जाण्याचे कारण (पन्नास शब्दांत).

फरीदा मॅडम, क्रमाने सोडवा असं छापलंय, तरी मी सहाव्यापासून सुरू करतोय. पहिल्या प्रश्नात जन्मदाखल्याचा क्रमांक विचारलाय. त्यासाठी कपाट उघडावं लागेल, आणि कपाट उघडलं की मी संध्याकाळपर्यंत कपाटच आवरत बसेन. कागदी प्रपत्रही याचसाठी मागून घेतलं. पडद्यावर लिहायला बसलो की मी भलतंच काहीतरी उघडून बघतो.

तर पन्नास शब्दांत: आमच्या घरी एका डबीत दोन दात होते. मला एकच माहीत होता. मी डबी उघडली, हाताला लागला तो दात काढला, डबी मिटली आणि दात तुम्हाला पाठवला. तो माझ्या मुलीचा नव्हता. माझा होता.

चौकट संपली. पुढचं जोडलेल्या कागदावर लिहितो. त्या कागदाच्या दुसऱ्या बाजूला काहीतरी टाइप केलेलं आहे, तिकडे तूर्त लक्ष देऊ नका.

प्रश्न २. बालकाची अडचण थोडक्यात.

मुलगी ओजस्वी, घरात ओजी. वय सात. लक्ष टिकत नाही, हातपाय थांबत नाहीत, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तिचं उत्तर तयार असतं, तेही दुसऱ्याच प्रश्नाचं. निदान गेल्या वर्षीच झालं.

सिन्नरमधल्या तिच्या शाळेत आता बाकांना लक्षमापक बसवलेत. मूल किती वेळ फळ्याकडे बघतं, किती वेळ खिडकीकडे, याचा आलेख रोज पाच वाजता पालकांच्या फोनवर येतो. मी मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. जुन्या पंपांच्या आणि आता जास्त करून स्कूटरच्या जळालेल्या मोटारी येतात, त्यांची तार काढून नवी गुंडाळतो. ओजीचा आलेख हुबेहूब जळालेल्या वेटोळ्यासारखा दिसतो.

माझी बायको तृप्ती तलाठी आहे. समोर माणूस उताऱ्यासाठी ताटकळत असला तरी पाचच्या ठोक्याला ती फोन बघते. एकदा तिनं ओजीला विचारलं, आज गणिताच्या तासाला बाहेर एवढं काय होतं? ओजी म्हणाली, जेसीबी होता, त्याला एकच हात असतो तरी कोणी रागवत नाही. मला हसू आलं. तृप्तीला आलं नाही.

प्रश्न ४. गर्भकाळ व जन्माची माहिती.

हे मागच्या प्रपत्रात तृप्तीनं भरलं होतं. तिनं एकच ओळ लिहिली होती, "तेहतिसाव्या आठवड्यात जन्म." ओळ पुरी नाही.

तृप्तीला आठवा महिना लागला होता आणि तिची खात्याची परीक्षा नाशिकला होती. माझी आई म्हणाली, जाऊ नको. डॉक्टर म्हणाले, जायला हरकत नाही. तृप्ती गेली. पेपर संपायला पाऊण तास असताना तिला कळा सुरू झाल्या. तिनं पेपर पुरा लिहिला आणि मग हात वर केला. ओजी त्याच संध्याकाळी जन्मली आणि एकोणीस दिवस काचेच्या पेटीत राहिली. बारशाला आई सगळ्यांसमोर तृप्तीला एवढंच म्हणाली, "परीक्षा दोन महिने थांबली नसती का?"

एकदाच म्हणाली. पण ते वाक्य आमच्या घरात सात वर्षं राहिलं. ओजीनं डबा हरवला, ते वाक्य. ओजी पायरीवरून पडली, ते वाक्य. कोणी बोलायचं नाही, नुसतं ऐकू यायचं.

गेल्या महिन्यात तृप्तीला बढतीचं पत्र आलं. मंडळ अधिकारी, नेमणूक पेठला, इथून दोन तासांवर. पंधरा दिवसांत रुजू व्हायचं नाहीतर नकार लेखी कळवायचा. तिनं नकाराचं पत्र टाइप केलं, छापलं आणि सही न करता देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवलं. ओजीचा दात तेव्हा तुमच्याकडे येऊन पडलेला होता. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. ती म्हणाली, "दात काय म्हणतो ते बघू. माझ्यामुळं झालं असेल तर मी कुठंही जाणार नाही. नोकरीसुद्धा सोडीन."

डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलं होतं, कारण कळलं तरी उपचार तेच राहणार. ती म्हणाली, उपचारासाठी नाही, मला कळायला हवंय.

प्रश्न ३. चाचणीची प्रक्रिया तुम्हाला समजली आहे का? स्वतःच्या शब्दांत लिहा.

समजली आहे, कारण आमचंही काम वेढ्यांचंच आहे.

बाळाचे दुधाचे दात ते पोटात असतानाच तयार व्हायला लागतात. रोज एक बारीकसा थर चढतो, मोटारीवर तारेचा एकेक वेढा चढावा तसा. त्या दिवशी आईच्या रक्तात जे असेल त्याचा अंश त्या थरात अडकतो आणि तिथंच राहतो. शिसं असेल तर शिसं, तंबाखू असेल तर तंबाखू. बाळ जन्मतं त्या दिवशी त्याच्या शरीराला एवढा धक्का बसतो की दातावर एक ठळक रेघ उमटते. तुम्ही तिला जन्मरेषा म्हणता. रेषेच्या अलीकडचे थर पोटातले, पलीकडचे बाहेरचे. दाताचा आतला भाग पुढं दीडेक वर्ष वाढत राहतो. या काळात आजारपण आलं, उपासमार झाली, तर थर वाकडे पडतात.

तुमचं यंत्र दाताचा पातळ काप घेऊन प्रकाशाच्या सुईनं थर एकामागून एक वाचतं. मग ते थर लाखो मुलांच्या दातांशी ताडून बघतं आणि सांगतं, लक्ष न टिकण्याच्या या अडचणीत जन्माचा वाटा किती, घराण्याकडून आलेलं किती, आणि किती भागाचं कारण माहीत नाही.

चुकलं असेल तर दुरुस्त करा. मधे एक गिऱ्हाईक आलं होतं.

पुन्हा प्रश्न ६, कारण तो पुरा झाला नाही.

दात पडला तो गणिताच्या तासाला. ओजी तो आठवडाभर जिभेनं हलवत होती. तिनं तो रुमालात बांधून आणला. दात ठेवायला तुमच्याकडून आलेली नळी मी आधीच कुठंतरी ठेवली होती. कुठं, ते अजून कळलेलं नाही. नळी सापडेपर्यंत दात आईकडे दिला. आमच्या घरात पहिला पडलेला दात छपरावर फेकत नाहीत, आई तो कापसात गुंडाळून तिच्या मिश्रीच्या जुन्या डबीत ठेवते. दात घरात राहिला की पोर घराला धरून राहतं, असं तिचं म्हणणं. दोन दिवसांनी कुरिअरवाला दारात उभा, आई मंदिरात. मी तिच्या पेटीतून डबी काढली. एकच पुडी दिसली, ती उचलली. दुसरी खाली होती.

अहवाल शनिवारी सकाळी आला. तृप्ती ओट्याशी उभी राहून वाचत होती. आई खाली बसून लसूण सोलत होती. तृप्तीनं पहिलाच आकडा वाचला आणि फोन माझ्या हातात दिला. गर्भकाळ व जन्म, अठ्ठावन्न टक्के.

तिनं कोनाड्यातलं पत्र काढलं आणि पेन शोधायला लागली. आमच्या घरात पेन लवकर सापडत नाही. मी तेवढ्यात खालचं वाचलं. जन्म सुमारे बत्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे जवळपास बरोबर. शिशाचं प्रमाण जास्त. आणि त्याखाली, गर्भकाळात तंबाखूशी रोजचा संपर्क.

मी मान वर करून तृप्तीकडे बघितलं. फार नाही, अर्धा सेकंद. तिला तो अर्धा सेकंद पुरला.

"विचार ना," ती म्हणाली. "तोंडानं विचार."

मी म्हटलं, मला काही विचारायचं नाही. तिनं फोन ओढून घेतला आणि ती ओळ वाचली. मग हळू आवाजात म्हणाली, की तिनं आयुष्यात तंबाखूला बोट लावलेलं नाही, आणि गेली सात वर्षं शिक्षा भोगतेय ती त्या परीक्षेचीच, एवढं तरी तिला खात्रीनं माहीत होतं. आता तेही राहिलं नाही.

आई लसूण सोलत राहिली. लसूण संपला होता. ती रिकाम्या सालांवर नख फिरवत होती. ते मला तेव्हा दिसलं, पण मी लगेच दुसरीकडे बघायला लागलो. हे माझं नेहमीचं.

दुपारी तुमचा फोन आला. मी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तुम्ही विचारलंत, मुलीचा जन्म कुठल्या सालचा? मी म्हटलं, दोन हजार एकतीस. तुम्ही म्हणालात, या दातात गाड्यांच्या धुरातून आलेलं शिसं आहे, पेट्रोलमध्ये शिसं घालायचे त्या काळातलं. ते दोन हजार साली बंद झालं. हा दात किमान अडतीस वर्षांपूर्वीचा आहे. घरात आणखी कोणाचा दात ठेवलेला होता का?

ओजी कॉटवर उलटी लोंबकळत होती. ती म्हणाली, "आजीच्या डबीत बाबाचा आहे की. मला दाखवला होता."

मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, कोणी विचारलंच नाही.

आईनं डबी आणली आणि माझ्यासमोर ठेवली. आत कापसाची एकच पुडी होती, तिच्यात ओजीचा दात. आईला सगळं कळलं होतं, तरी तिनं एक प्रयत्न करून बघितला. फोनकडे तोंड करून तुम्हाला म्हणाली, डबी मिश्रीची आहे, तिचीच तंबाखू लागली असंल दाताला. तुम्ही सांगितलंत, मावशी, वरून लागलेली आम्ही धुऊन काढतो, ही आतल्या थरांमध्ये आहे, पार सुरुवातीपासून जन्मरेषेपर्यंत.

आईनं मान हलवली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

माझी आई विडीच्या कारखान्यात होती हे मला माहीत होतं. रोजच्या हजार विड्या, मांडीवर सूप, सुपात जर्दा, बोटं चालू आणि नजर दारातून बाहेर. कारखाना पुणे रस्त्याला लागून होता, दिवसभर ट्रकचा धूर. पण मला तिनं कायम सांगितलं होतं की तू नऊ महिन्यांचा, घरी जन्मलास.

"आठव्यात झालास तू," ती म्हणाली. "कारखान्यात. सातशे झाल्या व्हत्या, तीनशे राहिल्या व्हत्या. लोकांना सांगितलं, दिवस मोजायला चुकले. नाहीतर म्हणले असते, जर्द्यात बसून पोर नासवलं."

मी म्हटलं, आई, मी नासलोय कुठं?

"तुला गुरुजी वर्गाबाहेर उभं करायचे. शाळा समोर व्हती. विड्या वळता वळता मला दारातून दिसायचास. दर वेळेला वाटायचं, याला मीच उभं केलंय."

मॅडम, मला ते बाहेर उभं राहणं आवडायचं. ट्रक मोजता यायचे. पण हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण तिनं कधी विचारलं नव्हतं.

तृप्तीनं विचारलं, "मग मला का बोललात, आई? बारशाला?"

आई बराच वेळ डबीचं झाकण लावत आणि काढत राहिली.

"तुला बोलले तर माझं थोडं कमी व्हईल, असं वाटलं."

"झालं?"

"नाही."

तेव्हा तुम्ही फोनवरून मधे बोललात. मी ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करतो, कारण आमच्या घरात ते आता पुन्हा पुन्हा बोललं जातं. तुम्ही म्हणालात, अठ्ठावन्न टक्के म्हणजे या माणसाचा अठ्ठावन्न टक्के भाग बिघडला, असं नाही. असेच थर असलेली, अशीच अडचण असलेली हजार मुलं घेतली, तर पोटातला काळ चांगला गेला असता तर त्यांतल्या साधारण किती जणांची अडचण टळली असती, तेवढंच हा आकडा सांगतो. तुमचा मुलगा त्यांतला की उरलेल्यांतला, हे दाताला कळत नाही. यंत्रालाही नाही. आम्ही अहवालात शेवटच्या पानावर हे लिहितो, पण शेवटच्या पानापर्यंत कोणी पोचत नाही.

मग तुम्ही आईला विचारलंत, "मावशी, जन्मरेषेनंतरचे थर कोणी वाचले का?"

कोणी वाचले नव्हते.

"सरळ आहेत. दीड वर्षभर एकही थर वाकडा नाही. इतक्या लवकर जन्मलेलं बाळ, आणि त्याच्या दातात उपासमारीची खूण नाही, मोठ्या आजाराची नाही. पेटीतून बाहेर पडलेल्या मुलांमध्येही आम्हाला असे थर क्वचित दिसतात. कुठल्या दवाखान्यात ठेवलं होतं?"

"कुठला दवाखाना आन कुठली पेटी," आई म्हणाली. "छातीशी बांधला व्हता लुगड्यानं. सव्वा महिना. झोपताना बी सोडला नाही. कारखान्यात बी गेले नाही, उपाशी राहिले थोडी, पण त्याला पाजलं."

तुम्ही म्हणालात, हो, ते दिसतंय.

आई रडली नाही. तिनं पदरानं डबी पुसली. त्या डबीवर पुसण्यासारखं काही नव्हतं.

फोन ठेवल्यावर तृप्ती मला म्हणाली, "तुला काय वाटतंय?"

मी खरं ते सांगितलं. मला हलकं वाटत होतं. एकेचाळीस वर्षं मी असं धरून चाललो होतो की मी आळशी आहे, बेफिकीर आहे, मनावर घेतलं तर जमेल पण मी मनावर घेत नाही. एका वेळी तीन मोटारी उघडून बसतो, नळ्या हरवतो, लोकांचं बोलणं अर्ध्यात सोडतो. कोणीतरी माझा दात कापून सांगितलं की तू जन्मायच्या आधीच हे थोडंफार ठरत होतं. राग कोणाचा आला नाही. उलट वाटलं, चला, म्हणजे मी प्रयत्न करत होतो.

तृप्ती माझ्याकडे बघत राहिली. मग आईकडे. हा दोष सात नाही, चाळीस वर्षं वागवला तर आपण कशा दिसू, ते तिला त्या लसणाच्या सालांपुढे बसलेल्या बाईत दिसलं असणार. असं ती म्हणाली नाही, हे मी म्हणतोय.

प्रश्न ७. योग्य नमुना सोबत जोडला आहे का?

नाही.

तुम्ही म्हणालात की नवा नमुना विनाशुल्क तपासून देऊ. आभारी आहे. दात आमच्याकडे आहे, डबीत. मी दुसऱ्या दिवशी पाठवायला काढलासुद्धा होता. तृप्ती म्हणाली, राहू दे. मी विचारलं, तुला कळायला हवं होतं ना? ती म्हणाली, "त्यात जन्मरेषा असणार. ती परीक्षेच्या दिवशीची असणार. हे मला दात न कापता माहीत आहे. पुढचे थर वाकडे पडू नयेत एवढंच आपल्या हातात होतं, आणि ते आपण केलंय."

ओजीलाही विचारलं, दात तिचा आहे म्हणून. ती म्हणाली कापू नका, पण बाबाचा कापलेला परत आला तर मला बघायचाय. शक्य असेल तर तो परत पाठवा. आईलाही हवाय. डबीत त्याची जागा रिकामी आहे.

तृप्ती सोमवारी पेठला रुजू होते आहे. आठवड्यातून तीनदा घरी येईल. हे आईनंच ठरवलं. ती तृप्तीला म्हणाली, "तू जा. पोरीचं मी बघते. मला हजार विड्यांची सवय हाय." तिनं ओजीला अभ्यासाला बसवायची स्वतःची पद्धत काढली आहे. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून देते आणि ओजीनं त्या विडीसारख्या वळत पाढे म्हणायचे. पंचवीस झाल्या की एक कट्टा बांधायचा आणि उठून अंगणात पळून यायचं. आई म्हणते, कारखान्यात साठ बायांची बोटं चालू असायची म्हणून डोकी जागेवर असायची. काल ओजीनं सातचा पाढा न अडखळता म्हटला. आलेखात ते दिसणार नाही, कारण आमच्या घरातल्या चटईला मापक नाही.

तृप्ती पाच वाजता फोन अजून बघते. पण काल सहाला बघितला.

आता त्या टाइप केलेल्या बाजूकडे बघितलंत तरी चालेल. ते तिचं नकाराचं पत्र आहे, सही नसलेलं. ते आता लागत नाही. मला मोठा कोरा कागद हवा होता आणि घरात दुसरा सापडला नाही.

प्रश्न १. जन्मदाखल्याचा क्रमांक.

कपाट उघडलं नाही. नमुनाच नाही तर क्रमांक कशाला.

प्रश्न ५. कुटुंबात इतर कोणास अशी अडचण आहे किंवा होती का?

मागच्या प्रपत्रात मी इथं "नाही" लिहिलं होतं. कृपया ते खोडावे.

हो. बालकाचे वडील, भूषण लोणारे. आठव्या महिन्यातला जन्म, छातीशी बांधून वाढवलेला. सध्याची स्थिती: बरी आहे. हे प्रपत्र त्यानं एका बैठकीत पुरं केलं, फक्त एकदा उठला.